बारा आठवड्यांच्या आत

घाटकोपरच्या आमच्या डोंगरावर द्रौपदी सरवदेला ओळखत नाही असं माणूस शोधून सापडायचं नाही. सतरा वर्षं ती महापालिकेची आरोग्य स्वयंसेविका. तोंडाने फटकळ, पायाला भिंगरी. मी आयडा, त्याच आरोग्य केंद्रात नर्स होते, त्यामुळे तिची वही रोज माझ्या हाताखालून जायची. एखादी बाई पोटुशी राहिली की तिच्या नवऱ्याच्या आधी द्रौपदीला कळायचं. बारा आठवड्यांच्या आत नोंद झालीच पाहिजे हा वरचा हुकूम, आणि द्रौपदीची नोंद कधी चुकली नाही. तिला त्याचा गर्व होता. मलाही होता, खोटं कशाला बोलू?

दीप्ती तिची एकुलती एक लेक, पलीकडच्याच गल्लीत दिलेली. नवरा प्रितम सुरतेला कामाला, ती इथेच एका कारखान्यात. पहिल्या बाळंतपणात दीप्तीला इतका रक्तस्राव झाला की डॉक्टरांनी आशा सोडली होती. तेव्हा झालेली मुलगी दोन वर्षांची होते न होते तोच एका सकाळी दीप्तीने आईकडे तपासणीची पट्टी मागितली. दोन रेघा आल्या. पोरगी मान खाली घालून उभी राहिली. द्रौपदीला वाटलं, लाजली. महिनाअखेर होती, एक नोंद कमी पडत होती. तिने तिथल्या तिथे वही काढली आणि लेकीचं नाव लिहून टाकलं. दुपारपर्यंत ते कॉम्प्युटरवरही चढलं.

संध्याकाळी दीप्ती म्हणाली, "आई, मला हे नकोय."

"अगं, नाव घातलं ना मी."

"मला विचारलंस का तू?"

नव्हतं विचारलं. पण द्रौपदी डगमगली नाही. कायदा तिला तोंडपाठ होता. गर्भनिरोधक साधन फसलं तर बाईला गर्भपात करून घेता येतो, आणि सज्ञान बाईला फक्त स्वतःची सही पुरते. शेकडो बायकांना तिनेच हे शिकवलेलं. दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन ती प्रसूतिगृहात गेली.

तिथल्या बाईंनी कॉम्प्युटर बघितला. "नोंद केलीय की! पहिली मुलगी आहे. मग आता नको का? कुठे जाऊन बघून आलात काय?"

सहाव्या आठवड्यात मुलगा की मुलगी हे देवालाही कळत नाही. पण पहिली मुलगी, नोंद झालेली, आणि मग गर्भपात म्हटलं की संशय घ्यायचा, हे नव्या पोरींना द्रौपदीनेच शिकवलं होतं. आता ती कोणाच्या नावाने बोटं मोडणार?

त्यांनी हात झटकून मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे सोनोग्राफीची तारीख पंधरा दिवसांनंतरची. ती झाल्यावर नवऱ्याची सही आणा. द्रौपदीने कायदा सांगितला तर क्लार्क म्हणाला, "मावशी, कायदा घरी. इथे आमचा नियम चालतो." प्रितम फोनवर हो म्हणाला, पण फोनवरचं चालत नाही. तो बिचारा रजा टाकून आला, सही करून गेला. मग डॉक्टर म्हणाले, रक्त सात आहे, रक्तवाढीच्या गोळ्या खा, वाढलं की या, आणि तेव्हा कायमचं ऑपरेशनही करून घ्यावं लागेल. सव्वीस वर्षांची पोर. मुलुंडच्या एका खासगी डॉक्टरीणबाईंकडे यातली एकही अडचण नव्हती. फक्त त्यांची फी दीप्तीच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी होती.

त्याच आठवड्यात रविवारी आमच्या चर्चमध्ये गर्भपाताच्या पापावर प्रवचन झालं. बाहेर आल्यावर माझी भाची सिंथिया बाईच्या हक्कावर तावातावाने बोलली आणि आमचे एडवर्डअंकल जिवाच्या पावित्र्यावर. मी म्हटलं, आधी एका पोरीला तारीख मिळवून द्या, मग काय ते भांडा. दोघंही माझ्यावर रुसले.

तेरावा आठवडा लागला. द्रौपदी रोज पालक, गूळ, खजूर घेऊन लेकीकडे जायची. "थोडं थांब, रक्त वाढू दे, मी करून देते," म्हणायची. दीप्ती ऐकून घ्यायची. एका दुपारी तिने बरोबर काम करणाऱ्या बाईकडून आणलेल्या पोट पाडायच्या गोळ्या घेतल्या. चिठ्ठी नाही, किती घ्यायच्या याचा पत्ता नाही. चार वाजता शेजारणीने तिला रिक्षात घालून त्याच मोठ्या रुग्णालयात नेलं. रिक्षाची सीट रक्ताने भिजली होती.

आता कोणी सही मागितली नाही. तारीख नाही, ऑपरेशनची अट नाही, रक्त कमी म्हणून परत पाठवणं नाही. वीस मिनिटांत, फुकटात, गर्भपिशवी साफ केली. रक्ताच्या तीन बाटल्याही मिळाल्या. बैल गेला नि झोपा केला म्हणतात ते हेच. वर डॉक्टर द्रौपदीवर खेकसले, "आरोग्याचं काम करता आणि पोरीला या थराला येऊ देता? वेळेवर आणायला काय झालं होतं?"

द्रौपदीच्या खांद्यावरच्या पिशवीत त्याच रुग्णालयाचे पाच केसपेपर होते. तिने ते बाहेर काढले नाहीत. मी तिच्या शेजारीच उभी होते; माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मीही तिला ते काढायला लावले नाहीत. पोरगी अजून त्यांच्या हातात होती.

तिसऱ्या दिवशी दीप्ती उठून बसली. द्रौपदी तिचे केस विंचरत होती. बराच वेळ विंचरून झाल्यावर तिने विचारलं, "गोळ्या घेताना मला एका शब्दाने का नाही गं सांगितलंस?"

दीप्तीने आईच्या हातातून कंगवा काढून घेतला.

"सांगितलं असतं तर तू परत थांब म्हणाली असतीस."