पगाराचं तेवढं सांगा

अकरा वर्षं तिने शाळेची व्हॅन चालवली. मुलं तिला व्हॅनमावशी म्हणायची, मुलांचे आईबापही तेच म्हणायचे, आणि पुढे पुढे गल्लीतल्या किराणावाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच नाव बसलं. मग शाळेने स्वतःच्या बस घेतल्या. पिवळ्याधमक, आत कॅमेरे, खिडक्यांना पडदे. मुख्याध्यापिकांनी व्हॅनवाल्यांना बोलावून सगळ्यांचे आभार मानले, एकेक पेन हातात दिलं आणि मोकळं केलं.

"पेन कसलं देतात!" घरी आल्यावर ती म्हणाली. "मी काय आता लेख लिहायला बसू?"

नवरा चष्म्यांच्या दुकानात काचा घासायचा. दिवसभर मशीनवर वाकून त्याची मान आखडलेली असायची. त्याच्या एकट्याच्या कमाईवर घर चालायचं, पण लंगडत. त्यात सासूबाईंचं रक्तदाबाचं दुखणं आणि मुलीचं कॉलेज. हातावर हात ठेवून बसणं मावशीला परवडण्यासारखं नव्हतं आणि स्वभावातही नव्हतं. येत होतं ते एकच, गाडी चालवणं. छोटी गाडी गेली, तर मोठी चालवू, असं म्हणून तिने ट्रकचं हेवी लायसन्स काढायचं मनावर घेतलं.

शिकवणारा उस्ताद पहिल्या दिवशी हसला. दुसऱ्या दिवशी ट्रक मागे घेताना तिने मागची भिंत पाडता पाडता वाचवली, तेव्हा आणखी हसला. पण मावशी चिकट. शेवटी एवढा लांबलचक ट्रक तिने दोन भिंतींच्या मधल्या बोळात उलटा घालून दाखवला, तेव्हा उस्ताद म्हणाला, "बाई, आता तुला मी काय शिकवणार? जा, पोटापाण्याचं बघ."

लायसन्स हातात आलं तेव्हा तिला वाटलं, डोंगर चढून झाला. आता एवढंच विचारायचं होतं, की पगार किती आणि सोबत काय मिळणार. आणि नेमकं हेच तिला कुणी सांगेना.

पहिल्या कंपनीची जाहिरात पेपरात होती. महिन्याला अमुक इतक्यापर्यंत कमवा. आकडा असा होता, की नवऱ्याने तो चष्मा काढून वाचला आणि परत चष्मा लावून वाचला. मावशीने फोन केला.

"यापर्यंत म्हणजे नक्की किती?" तिने विचारलं.

"ते तुमच्यावर आहे," पलीकडचा माणूस म्हणाला.

"माझ्यावर म्हणजे?"

"जितके किलोमीटर, तितके पैसे. पळवा गाडी, घ्या पैसे."

"आणि गाडी उभी असली तर?"

"उभी कशाला ठेवता?"

मावशीने फोन ठेवला. गाडी हौसेने उभी ठेवतं का कुणी? टायर फुटतो, रस्ता बंद असतो, गोदामवाला जेवायला गेलेला असतो. अकरा वर्षं तिने शाळेच्या दारात व्हॅन उभी करून घंटेची वाट पाहिली होती. उभं राहणं हेही काम असतं, हे तिच्या पायांना आणि पाठीला पुरेपूर माहीत होतं.

दुसरीकडे तर आधी अनामत रक्कम भरायला सांगितली. "कामावर घेताय की घर भाड्याने देताय?" असं विचारून ती निघून आली. तिसरीकडे बाईमाणूस बघून त्यांनी थेट ऑफिसातल्या टेबलाच्या कामाबद्दलच बोलायला सुरुवात केली.

चौथी कंपनी मोठी होती. काचेचं दार, आत गारवा, सोफा. मॅनेजर स्वतः उठून उभा राहिला. एका मुलीने फुलांचा गुच्छ आणून दिला. दुसऱ्याने मोबाइल काढला.

"ताई, इकडे बघा. हसा जरा. आमच्याकडच्या पहिल्या महिला चालक!"

"अजून झाले नाही मी," मावशी गुच्छ सावरत म्हणाली. "आधी पगाराचं तेवढं सांगा."

"अहो ताई, पगार काय, होऊनच जाईल. तुम्ही तर आमची शान आहात!"

"ही शान कितव्या तारखेला खात्यात जमा होते?"

खोलीत सगळे हसले, मॅनेजर सगळ्यांत मोठ्याने. मावशीला मात्र हसू आलं नाही. तिने एकामागून एक विचारायला सुरुवात केली. माल उतरवायला खोळंबा झाला तर हॉल्टिंगचे पैसे मिळतात का? बाहेर मुक्काम पडला तर भत्ता किती? आजारी पडले तर? विमा पहिल्या दिवसापासून, की नंतर? त्यात नवरा-मुलगी धरतात का? सासूबाई? डिझेलचं ॲव्हरेज कमी आलं तर कापता का? आणि वाटेत बायकांना जायला-यायला सोय कुठे कुठे आहे?

शेवटच्या प्रश्नाला मॅनेजरने खिडकीबाहेर पाहिलं.

"ताई, आजवर एकाही ड्रायव्हरने इतके प्रश्न विचारले नाहीत," तो म्हणाला.

"म्हणून तर सारख्या जागा निघत असतील तुमच्याकडे."

तरीही तो माणूस रागावला नाही, आणि मावशीचा घोटाळा झाला तो तिथेच. रागावला असता तर ती उठून चालती झाली असती. तो हसतमुखाने म्हणत राहिला, "हॉल्टिंग? देतो ना. विमा? आहे की. सगळं आहे, ताई. तुम्ही आधी घरच्यासारख्या या तर खरं." निघताना त्याने एका कागदावर सही घेतली. फोटो वापरायला हरकत नाही, असं त्यात लिहिलं होतं. पगाराबद्दल मात्र त्या कागदात अवाक्षर नव्हतं.

फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर त्याच कंपनीचे ड्रायव्हर बसले होते. त्यांतल्या एकाला सगळे भोंगाकाका म्हणत, कारण त्याचा आवाज हळू निघतच नसे. मावशीने सरळ त्यालाच विचारलं.

"काका, खरं सांगा. इथे कसं आहे?"

"गाडी चांगली आहे!" भोंगाकाका गरजला. "सीट गुबगुबीत. पंखा आहे."

"आणि पगार?"

काकाने आजूबाजूला पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच असावा अशा हळू आवाजात म्हणाला, "बाई, चाक फिरलं तर पैसा. चाक थांबलं, की तू कुणाची कोण."

"ते तर हॉल्टिंग देतो म्हणाले."

"मलाही म्हणाले होते," काका म्हणाला आणि चहाचा ग्लास उपडा करून उठला.

घरी त्या संध्याकाळी तिघांची बैठक बसली. नवऱ्याचं म्हणणं पडलं, की कंपनी मोठी आहे, नाव आहे, इतकी फसवाफसवी करणार नाही. सासूबाई पलंगावर पाय लांब करून ऐकत होत्या. त्यांनी सगळी उमर कापसाच्या गिरणीत घालवलेली.

"विमा आहे म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आहे म्हणाला, की तुला आहे म्हणाला?"

हा प्रश्न मावशीला तिथे का सुचला नाही, म्हणून ती स्वतःवरच चिडली. पण घरातली शिल्लक तळाला गेली होती, मुलीची फी तोंडावर होती, आणि पाचवी कंपनी डोळ्यासमोर नव्हती. सोमवारी ती रुजू झाली.

गाडी खरंच चांगली होती. काकाने सांगितल्याप्रमाणे सीट गुबगुबीत होती. पहिले दोन दिवस मावशी उंच केबिनमधून रस्त्याकडे बघताना खूश होती. व्हॅनमधून तिला पुढच्या गाडीचा फक्त पार्श्वभाग दिसायचा. आता पार पुढच्या वळणापर्यंत रस्ता दिसत होता.

मग एका रंगाच्या कारखान्यात माल उतरवायला गेली आणि फाटकाबाहेर अडकली. आत जागा नाही, नंबर येईल, असं वॉचमनने सांगितलं. पुढे गाड्यांची शेपटी लागलेली. दुपार गेली, संध्याकाळ गेली. दुसरा दिवस गेला. पुरुष ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून मोकळे होत होते. मावशीने पाणी प्यायचं सोडून दिलं. शेवटी वॉचमनच्या पाया पडायचंच बाकी ठेवून तिने ऑफिसातल्या बायकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली मिळवली. तीही त्याने अशी दिली, जणू कारखानाच तिच्या नावावर करून देतोय.

तिसऱ्या दिवशी माल उतरला. तिने ऑफिसला फोन केला, हॉल्टिंग लिहून घ्या म्हणून. "घेतलं, घेतलं," तिकडून उत्तर आलं.

महिना भरला. पैसे खात्यात आले तेव्हा ती एका पंपावर हवा भरत होती. मोबाइल बघितला, डोळे पुसले, पुन्हा बघितला. व्हॅन चालवून मिळायचे त्याहून कमी. हॉल्टिंगचा पत्ता नाही. डिझेलचं कापलेलं. बुटांचे आणि गणवेशाचे पैसेसुद्धा कापले होते. आणि ते बूट तर तिच्या मापाचेही नव्हते.

ती तडक ऑफिसात गेली. काचेच्या दारावरच तिचा हसरा फोटो लावलेला होता, गुच्छासकट, माणसाएवढा. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: आमच्या परिवारात या, तुम्हीही उंच भरारी घ्या. दार ढकलायचं तर स्वतःच्याच पोटावर हात ठेवावा लागत होता.

"हॉल्टिंगचे पैसे कुठे गेले?" तिने विचारलं.

"ताई, बसा. चहा?"

"चहा नको. हॉल्टिंग."

"त्याचं असं आहे," मॅनेजर म्हणाला, "पहिले दोन दिवस धरत नाहीत. तिसऱ्या दिवसापासून मोजतात. आणि तिसऱ्या दिवशी तर तुमची गाडी खाली झाली."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही हॉल्टिंग मिळतं का, एवढंच विचारलं होतं. कधीपासून, हे विचारलं नाही."

मावशीची कानशिलं तापली. "आणि विमा?"

"आहे की. एक वर्ष भरलं, की लागू होतो."

"तोवर मी पडले-झडले तर?"

"असं अशुभ का बोलता, ताई?"

"मग तो दारावरचा फोटो काढा. बायका तो बघून येतील आणि मला दोष देतील."

"सही आहे ना तुमची," मॅनेजर अगदी गोड आवाजात म्हणाला.

बाहेर येऊन ती जिन्यावर बसून रडली. रागाचं रडू होतं ते, त्याला आवाज नव्हता. हुशारी करून, इतके प्रश्न विचारूनही आपण फसलो, हे तिला सगळ्यांत जास्त लागलं. शेवटी डोळे पुसून, परत आत जाऊन तिने गाडीची चावी काउंटरवर ठेवली. तिथल्या मुलीने ती उचलली नाही, नुसती बघत राहिली. "मीही तीन महिन्यांपासून विचारतेय," मुलगी पुटपुटली, "माझी बढती कधी होणार ते."

पुढचे पंधरा-वीस दिवस घरात वातावरण तापलेलंच होतं. नवरा काही बोलला की ती भांडी आपटायची. तो म्हणाला, "अगं, मोठी कंपनी म्हणून मी..." आणि तिने कढई अशी ठेवली, की वाक्य तिथेच संपलं. कामगार कार्यालयात तक्रार करायला गेली, तर तिथल्या बाबूने सांगितलं, साहेब दौऱ्यावर आहेत, मंगळवारी या. मंगळवारी तो म्हणाला, या मंगळवारी नव्हे, पुढच्या.

मग भोंगाकाकाचा फोन आला. कान दूर धरूनच ऐकावा लागला. एका म्हातारीच्या पाच गाड्या आहेत, म्हणाला, पशुखाद्य वाहतात. तोंडाने फाटकी आहे, पण बघ जाऊन.

म्हातारी एका पत्र्याच्या शेडखाली पोत्यांच्या थप्पीवर बसून माणसांवर ओरडत होती. बसायला खुर्ची दिली नाही, चहाही विचारला नाही.

"लायसन्स?"

मावशीने दाखवलं. "पगार किती?" तिने विचारलं.

म्हातारीने एक आकडा सांगितला. त्या जाहिरातीतल्या आकड्याच्या जेमतेम निम्मा. "दर महिन्याला. गाडी पळो, नाहीतर उभी राहो."

"हॉल्टिंग?"

"वेगळं देत नाही. पगारातच आलं."

"विमा?"

"गाडीचा आहे. तुझा नाही. मला परवडत नाही. स्वतः काढ."

"मुक्काम?"

"संध्याकाळी घरी जायचं. बाहेर राहावं लागेल असं भाडं मी घेतच नाही. आणखी काही?"

मावशीने आणखी विचारलं. तिने विचारलं, की आजारी पडल्यावर किती दिवस पगार, कापाकापी कशाकशाची, आणि 'कधीपासून' हा शब्द तर तिने प्रत्येक प्रश्नाला जोडले. म्हातारी प्रत्येक वेळी लगेच उत्तर देत होती, आणि बऱ्याचदा ते उत्तर "नाही" असं होतं. पण ते नाही ऐकताना मावशीचा जीव थोडा भांड्यात पडला. निदान इथे नाहीला नाही तरी म्हणतात.

"हे कागदावर लिहून देता?" तिने विचारलं.

म्हातारी पहिल्यांदा थांबली. तिने मावशीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "पेन आहे का?" ती म्हणाली. "माझं कुणीतरी ढापलंय."

मावशी आता तिथे लागली आहे. फार काही सुधारलं आहे, असं तिला विचारलं तर ती म्हणणार नाही. विम्याचा हप्ता ती स्वतःच्या खिशातून भरते आणि भरताना दर वेळी शिव्या घालते. मोठ्या कंपनीकडचे पैसे अजून आलेले नाहीत, तिथली तक्रार एका मंगळवारवरून दुसऱ्या मंगळवारवर उड्या मारतेय. आणि म्हातारीच्या ट्रकची सीट म्हणजे नुसती फळी आहे, वर पोतं टाकलेलं. पहिल्याच आठवड्यात मावशीने तिला सांगितलं, सीट बदला.

"बघू," म्हातारी म्हणाली.

"बघू म्हणजे कधी?"

तेव्हापासून दर शनिवारी, आठवड्याच्या फेऱ्यांचा हिशेब झाला, की त्या दोघी शेडखाली उभ्या राहून त्या सीटवरून कडाकडा भांडतात, आणि सोमवारी मावशी पुन्हा त्याच फळीवर चढून बसते.