लांगरी बाबारावची सलामी

बिगुल म्हणजे वरातीतला बाजा नव्हे, हे संघपालनं बेला मंडलातल्या गावागावांत किती लोकांना सांगितलं असेल, त्याची गणती नाही. तरी सुपारी घेऊन येणारे यायचेच. एका नवरदेवाचा काका तर ओसरीवर बसून थेट घोडीचा रंग सांगायला लागला. संघपालनं त्याला प्यायला पाणी दिलं आणि मग हात धरून रस्ता दाखवला.

पैनगंगेच्या अलीकडच्या, तेलंगणातल्या काठावर त्याचं गाव. नदीपलीकडे हाक मारली तर ओ देणारा माणूस महाराष्ट्रातला असतो. अठरा वर्षं पलटणीत बिगुलर होता, नायकाच्या हुद्द्यावरून घरी आला, आणि आता गावच्या तेलुगू शाळेत शिपाई आहे. शाळेची घंटाही तोच वाजवतो, पण ती कशीही वाजवतो. बिगुल मात्र रोज पहाटे नदीवर जाऊन अर्धा तास फुंकायचा म्हणजे फुंकायचाच. सुरुवातीला त्या आवाजानं म्हशी दावं तोडून पळायच्या. आता मानसुद्धा वर करत नाहीत. जे म्हशींना कळलं ते गावाला कधी कळेल देव जाणे, असं त्याची बायको पंचफुला म्हणते.

हा सगळा सराव मयतीसाठी. नोकरीत असताना गेलेल्या जवानाला सरकार मानवंदना देतं. घरी येऊन, म्हातारा होऊन, खोकून खोकून मेलेल्या फौजीला कोण विचारतं? म्हणून बेला-जैनदकडच्या माजी सैनिकांनी आपला संघ काढला आणि आपलीच रीत पाडली. कुणी गेला की टोपी घालून, मेडलं लावून जायचं. पुष्पचक्र ठेवायचं, रांगेत सॅल्यूट करायचा, आणि संघपालनं लास्ट पोस्ट वाजवायची. गड्या, तुझा दिवस संपला, आता निजायला हरकत नाही, असं सांगणारी ती धून. अशा सव्वीस मयती त्यानं केल्या होत्या. शेवटचा आवाज आपल्या हातून द्यायला मिळतो, याहून मोठा मान मला मेजर केलं असतं तरी मिळाला नसता, असं तो उघड म्हणायचा. आणि खोटं सांगत नव्हता.

आता बाबारावचं ऐका. बाबाराव त्याच गावचा, संघपालहून पंधरा वर्षांनी मोठा. फौजेत तो लांगरी होता, म्हणजे स्वयंपाकी. भरती झाल्यावर त्यानं घरी पत्र टाकलं की मी लांगरी झालो. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून पत्र गेलं मास्तरांकडे. मास्तर तेलुगूचे, मराठी वाचायचे, पण अंदाजानं. त्यांनी वाचलं, ‘मी लंगडा झालो.’ झालं! आईनं ऊर बडवून घेतला, अख्ख्या वस्तीत तीन दिवस चूल पेटली नाही. पुढं बाबाराव सुट्टीवर आला तो बेल्याहून दोन्ही पायांनी दणादणा चालत. पण नाव काय सुटतं होय! धडधाकट पायांचा हा माणूस जन्मभर ‘लंगडा फौजी’च राहिला. कुणी हाक मारली की मुद्दाम चार पावलं लंगडत जायचा, असा वल्ली.

गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी तो गेला. झोपेतच. त्याची मुलगी दीक्षा आदिलाबादला शिक्षिका, ती निरोप मिळताच आली. तिनं संघपालला बोलावून एवढंच म्हटलं, की काका, बाबांनाही तुमची ती धून मिळेल ना? संघपाल म्हणाला, हा काय विचारायचा सवाल झाला?

सवाल होता. पलटणीतला नियम असा, की बिगुलर आपल्या मनानं वाजवत नाही. हुकूम झाल्याशिवाय बिगुल ओठाला लागत नाही. आणि हुकूम द्यायचे संघाचे अध्यक्ष, सुभेदार डोमाजी. माणूस वाईट नाही, पण एकदा नाही म्हणाला की बैल हलेल, डोमाजी हलायचे नाहीत. संघपाल त्यांच्या अंगणात पोचला तेव्हा ते कापूस भरून घेत होते. मयतीचं ऐकून त्यांना वाईट वाटलं, मी येईन म्हणाले. पण गावकरी म्हणून येईन, संघ म्हणून नाही. आज लांगऱ्याला सलामी दिली तर उद्या पलटणीतल्या न्हाव्याला द्यावी लागेल, परवा धोब्याला. मग त्या पुष्पचक्राला काय किंमत राहिली?

“ज्यानं बंदूक धरली, त्याची सलामी,” डोमाजी म्हणाले. “पळी धरली त्याची नाई.”

संघपालच्या मस्तकात तिडीक गेली. पण समोर सुभेदार होते, म्हणून हात बाजूलाच ठेवून बोलला, “साब, बंदूक त्यानंबी धरली हाये. झेंड्यापुढं कसम त्यानंबी खाल्ली. तुमी खाल्ली तेच.”

“माहा हुकूम नाई,” म्हणून डोमाजी पुन्हा कापसाकडे वळले.

परतताना संघपाल स्वतःशीच भांडत होता. चार लोक जमवून आपणच फुंकली तर कोण अडवणार होतं? कुणी नाही. पण मग आपल्यात आणि वरातीतल्या बाजेवाल्यात फरक काय राहिला? हुकुमाशिवाय वाजलेली लास्ट पोस्ट म्हणजे नुसता आवाज. बाबारावला नुसता आवाज देऊन वाटेला लावायचं, हे त्याला सहन होईना. आणि काहीच न देणं तर त्याहून होईना.

बाबारावच्या घरी त्याची बायको रुक्माबाई भिंतीला टेकून बसली होती. संघपालनं तिच्याकडून फौजेचं डिस्चार्ज बुक मागून घेतलं. त्यात सगळं होतं: नंबर, हवालदार ही रँक, कसम खाल्ल्याची तारीख, रायफल चालवण्याचा शेरा. त्या पानाचा फोटो काढून त्यानं डोमाजींना पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

दुपारी चारला नदीकाठी सगळे जमले. त्रिशरण झालं, पंचशील झालं. बाबाराव सरणावर होता. संघपाल एकटाच पुढं आला. ब्लेझर, टोपी, मेडलं, काखेत बिगुल. त्यानं पुष्पचक्र ठेवलं, तीन पावलं मागं घेतली, सॅल्यूट केला. आणि मग नुसता उभा राहिला. लोकांना वाटलं आता वाजेल, आता वाजेल. कुणीतरी खाकरलं. दीक्षा जवळ येऊन हळूच म्हणाली, काका?

“हुकूम नाई, बाई,” संघपाल म्हणाला.

ते रुक्माबाईनं ऐकलं. ही बाई नऊ वर्षं छावणीत राहिलेली, तिच्या क्वार्टरपुढंच परेडचं मैदान होतं. धुणं वाळत घालता घालता तिनं जेवढे हुकूम ऐकले असतील, तेवढे कुणी रंगरूटही ऐकत नसेल. ती बायकांमधून उठली. पदर खोचला. सरणाच्या उजव्या अंगाला, जिथं अधिकारी उभा राहतो नेमकी तिथं, जाऊन दोन्ही टाचा जुळवून उभी राहिली.

“बिगुलर! लास्ट पोस्ट!”

संघपालच्या टाचा आधी वाजल्या, मग त्याच्या ध्यानात आलं की काय झालं. खांद्यावर तारे मिरवणाऱ्या साहेबांचे हुकूम त्यानं झेलले होते, पण असा हुकूम त्याला आयुष्यात कुणी दिला नव्हता. आणि फौजीच्या मयतीला फौजीच्या बायकोहून मोठा अधिकारी असतो तरी कोण? त्यानं छाती भरून घेतली आणि बिगुल ओठाला लावला.

अरे, काय वाजवली त्यानं! सव्वीस मयतींत अशी वाजली नव्हती. वरचा सूर त्यानं धरला तो सोडेचना. नदीपलीकडे हरभरा काढणारी माणसं कंबर सरळ करून उभी राहिली. इकडं ज्यांनी जन्मभर लंगडा लंगडा म्हणून हाका मारल्या, त्यांनी डोक्याचे रुमाल काढून हातात घेतले. एक म्हातारा हमसून रडायला लागला, त्याला कुणी गप्प केलं नाही. आणि संघपालला आत कुठंतरी इतका आनंद झाला, की मयतीत असा आनंद होतो याची त्याची त्यालाच लाज वाटावी. पण नाही वाटली. जिंकलो, बाबाराव, जिंकलो, एवढंच त्याच्या मनात चाललं होतं.

शेवटचा सूर विरला तेव्हा त्याला दिसलं, की बंधाऱ्यावर बाभळीखाली डोमाजी उभे आहेत आणि त्यांचा हात कपाळाला आहे. डोक्यावर टोपी नाही, छातीवर मेडल नाही, पण हात सॅल्यूटमध्ये. किती वेळचा, ते त्यांनाच ठाऊक.

ते खाली आले. लोकांनी वाट दिली. रुक्माबाईपुढं येऊन मान खाली घालून म्हणाले, “वहिनी, माहं चुकलं.”

“मले काऊन सांगता, सुभेदारसाब?” रुक्माबाई म्हणाली. “ते तिथं हायेत.”

डोमाजींनी खिशात हात घातला आणि आपली फौजेची टोपी बाहेर काढली. ती घेऊनच निघाले होते म्हणजे घरून. टोपी नीट घातली, सरणासमोर गेले, सावधान झाले, आणि नदीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “नंबर एक-तीन-नऊ-सात-शून्य-दोन-चार, हवालदार बाबाराव. फौजी.”

नंबर त्यांनी कुठंही न अडखळता म्हटला, आणि त्यांच्या हातात ना कागद होता, ना फोन. मग एक पाऊल मागं सरकून ते संघपालच्या शेजारी रांगेत उभे राहिले, आणि दीक्षानं अग्नी दिला.