दामूअण्णांचा अर्ज मागे घेण्याबाबत

विषय : दामूअण्णांचा आजार व त्या अनुषंगाने घडलेले प्रकार.
संदर्भ : आमची स्मरणशक्ती.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, कचेरीत फायली साठतात तसे किस्सेही साठतात. फरक इतकाच, किस्से शोधले की सापडतात!

जुन्नरच्या आमच्या कचेरीत दामूअण्णा आस्थापनेचं टेबल सांभाळायचे, मी आवक-जावक. कारकुनांच्या खिशात नुकते मोबाइल आले होते, तेव्हाची गोष्ट. अण्णांचा खोकला हटेना. मग एके दिवशी सही करतानाच हात लुळा पडला. पुण्यात तपासलं, तर फुप्फुसाचा कॅन्सर, आणि मेंदूत तीन डाग.

पिंपळवंडीला घरी जायच्या आधी अण्णा कचेरीत आले आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देऊन मोकळे झाले. घाई करू नका म्हटलं, तर म्हणाले, "भाऊ, खुर्ची अडवून मरायचं न्हाई."

*

डोक्याला दहा दिवस लाइट, म्हणजे रेडिएशन, द्यायचे होते. डोकं हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा करतात. काम संपल्यावर तो पेशंटलाच देऊन टाकतात. अर्ज मंजूर होईपर्यंतची रजा वाढवायला आलेल्या अण्णांनी तो आपल्या खुर्चीच्या पाठीला टांगला. साहेब आत आले आणि दचकले. हे काय, म्हणून विचारलं.

"बदली कर्मचारी, साहेब."

*

मेंदूची सूज उतरायला दिलेल्या गोळ्यांनी अण्णांची भूक खवळली. आणे गावच्या यात्रेत आमटी-भाकरीच्या पंगतीला बसलो. मी वाढप्याच्या कानात सांगितलं, पेशंट आहे, जपून वाढा. त्याने अण्णांचं तिसऱ्यांदा रिकामं झालेलं ताट बघितलं, मग माझं चिवडलेलं.

"पेशंट ह्यो, का तुमी?"

*

आमचा टंकलेखक दूरदृष्टीचा. शोकसभेची नोटीस त्याने आधीच टाइप करून ठेवली होती, तारखेची जागा तेवढी मोकळी. ती नेमकी अण्णांना सापडली. अण्णांनी शांतपणे वाचली, नोकरीला लागल्याचं साल चुकलं होतं ते लाल शाईने सुधारलं आणि समासात शेरा मारला : 'दुरुस्तीसह फेरसादर करावे. घाई नाही.'

*

पुढे रोजची एक गोळी सुरू झाली. तीन महिन्यांनी एमआरआय काढला, तर दोन डाग दिसेनात. तिसरा ज्वारीच्या दाण्याएवढा. डॉक्टर म्हणाले, बरे झालात असं म्हणणार नाही, पण कामावर जा.

अण्णांनी लगेच, आधीचा अर्ज मागे घेण्याचा अर्ज दिला. कारण लिहिलं : 'जगण्याची शक्यता निर्माण झाली आहे.' वरच्या कार्यालयाने पुरावा मागवला. अण्णांनी एमआरआयची फिल्म जोडली. तिथल्या कारकुनाने नियमाप्रमाणे तिची घडी घातली, पंच मारला आणि फायलीला टॅग केली!

डॉक्टरांना दाखवायला म्हणून ती आम्ही परत मागून आणली. अण्णांनी खिडकीच्या उजेडात धरली. भोक बरोबर तिसऱ्या डागावर.

"डॉक्टरला जमलं न्हाई," अण्णा म्हणाले, "ते हेड ऑफिसनं केलं."

*

मग वरून पत्र आलं : मूळ अर्ज अद्याप मंजूर नसल्याने तो मागे घेता येतो किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन मागविले आहे.

मार्गदर्शन येईपर्यंत करायचं काय? अण्णा रोज कामावर येत राहिले. गोळी चालू, दर काही महिन्यांनी पुण्याची फेरी चालू. मधल्या काळात दोन साहेब बदलून गेले. शेवटी वयाची अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि अण्णा रीतसर निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं, सगळं झालं.

पुढच्या सोमवारी अकरा वाजता अण्णा माझ्या टेबलासमोर हजर. हातात स्मरणपत्र. मी आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला, पोच दिली.

सदर अर्ज अद्याप प्रलंबित आहे.