सगळं ठीक म्हणायची सवय

हायडेलबर्गला राहत होतो तेव्हाची गोष्ट. आमची कंपनी विमानांच्या वाहतूक नियंत्रकांसाठी नवी प्रणाली बनवत होती. तोवर प्रत्येक विमानाची कागदाची एक पट्टी असायची. नियंत्रक तिच्यावर पेनाने उंची लिहायचे आणि विमान सोपवताना ती शेजारच्याच्या हातात द्यायचे. आम्ही हे सगळं पडद्यावर आणणार होतो. मुंबईला निघालेल्या विमानाची पट्टी दिसली की माझा जीव तिच्यात अडकायचा. चाचणी मान्य झाली की मला साताऱ्याला घरी जायला महिनाभर सुट्टी मिळणार होती. बाबांना पाहून अडीच वर्षं झाली होती.

पहिल्याच चाचणीत मी माती खाल्ली. निवृत्तीला आलेल्या एका नियंत्रक बाईंनी विचारलं, "यात काय बिघडू शकतं?"

"काही नाही. सगळं ठीक आहे," मी छातीठोकपणे म्हणालो. विचारणाऱ्यासमोर स्वतःच्या कामात खोट काढायची नाही, हीच आपली रीत. बाईंनी कागदाची पट्टी ओढली आणि लिहायला लागल्या. पडद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाकीच्यांनीही तेच केलं. सुट्टी लांबली. असा संताप आला होता मला त्या बाईंचा!

एका जर्मन सहकाऱ्याने समजावलं, "आल्झो, म्हणजे असं बघ, ज्याला स्वतःच्या चुका माहीत नाहीत, त्याच्या भरवशावर त्या बाई विमानं सोडणार नाहीत." मग नाक मुठीत धरून मी आमच्याच प्रणालीच्या खोडी लिहून काढल्या. कुठे अडकते, किती वेळ, अडकली तर काय करायचं. दोन पानं भरली. बाईंनी चष्मा लावून ती वाचली, "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाल्या आणि पडद्यासमोर बसल्या.

काही आठवड्यांनी सुट्टी मंजूर झाली. त्या रविवारी घरी फोन लावला. आईचं नेहमीचंच, "सगळं ठीक आहे रे. बाबा झोपलेत." चार महिने दर रविवारी बाबा झोपलेलेच होते.

"आई, ठीक आहे ते नको सांगूस. काय बिघडलंय ते सांग."

ती म्हणाली, "जागेच आहेत. बोलता येत नाही त्यांना आता. तुझं काम अडेल म्हणून सांगितलं नाही. तुझा फोन आला की माझ्या कानाला कान लावून बसतात."

आणि मी दर वेळी, झोपलेत तर झोपू दे म्हणून, दोन मिनिटांत फोन ठेवत होतो.