दोन फटफट्या, एक कार्बोरेटर

लोणावळ्याच्या बाजारामागे, रेल्वेच्या कुंपणाला पाठ लावून कोंडाजी केदारीची पत्र्याची शेड होती. शेडमध्ये खुर्ची एकच, ती गिऱ्हाइकाला. कोंडाजी जमिनीवर उकिडवा. मळवलीच्या शेतकऱ्याचा हा मुलगा इंजिनशेडमध्ये नऊ वर्षं हातोडे मारून यंत्रांच्या नादी लागला आणि बंगलेवाल्यांच्या मोटारी दुरुस्त करता करता चाळिशीला टेकला. रस्त्यावरून गाडी गेली की आवाजावरूनच तिचं दुखणं सांगायचा. लोकांना वाटायचं, याला देवाची विद्या आहे. मला विचाराल तर त्याला यंत्रं कळत होती आणि माणसं मुळीच कळत नव्हती.

शेडमध्ये त्याच्या जोडीला दत्तोबा असायचा. दोघे एकाच आळीतले, एकाच ओढ्यात पोहायला शिकलेले. दोघांनी खडकीच्या लष्करी लिलावातून दोन मोडक्या फटफट्या उचलल्या होत्या. एकाच जातीच्या, पहिल्या लढाईतून उरलेल्या. दोन पावसाळे त्यांच्यावर खपले तेव्हा कुठं त्या चालायला लागल्या. अडचण एकच राहिली. दोन फटफट्यांत धड कार्बोरेटर एकच होता.

कार्बोरेटर म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा मापात पाजणारं पितळी भांडं. त्यात एक पोकळ डबी तरंगत असते. पेट्रोल पुरेसं झालं की ती वर उचलली जाते आणि पेट्रोलची वाट बंद करते. एका कार्बोरेटरमधली डबी शाबूत होती, दुसऱ्यातली फुटकी. कोंडाजीनं तिला दोनदा डाग दिला. दुसऱ्या वेळी कथील मध्येच थंड झालं आणि डाग वाकडा बसला. तरी अर्ध्या तासात ती डबी पेट्रोल पिऊन जड व्हायची, बुडायची आणि इंजिन गुदमरायचं. सपाटीला कसंबसं निभायचं, घाटात नाही. नवी मागवावी, तर विलायतेतला तो कारखानाच बंद पडलेला.

मग त्यांनी गावाकडचा तोडगा काढला. मावळात ज्याच्याकडे एकच बैल तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करतो. आज तुझं खाचर, उद्या माझं. त्याचा कागद होत नाही, साक्षीदार लागत नाही. तशीच ही कार्बोरेटरची सावड. ज्याला घाट चढायचा त्याच्या फटफटीला धड कार्बोरेटर. आतली डबी आणि तिचा काटा नाजूक, रोज काढघाल सोसायचे नाहीत, म्हणून अख्खा कार्बोरेटरच बदलायचा. दोन नट, एक तार, एक नळी, पाव तासात अदलाबदल. घाईत घोळ नको म्हणून कोंडाजीनं धड कार्बोरेटरच्या झाकणावर कानशीनं खाच पाडली होती. सावडीत आणखी एक गोष्ट पाळतात. जोडीदारानं बैलाच्या सापत्या, म्हणजे जुवाचे गळपट्टे, बांधल्या की आपण त्या सोडून तपासायच्या नसतात. तपासल्या, तर त्याच्या तोंडात मारल्यासारखंच. इथंही एकानं बसवलेला कार्बोरेटर दुसरा उघडून बघत नसे. सहा वर्षं हे बिनबोभाट चाललं.

अडतीस साली वीजकंपनीला एक माणूस हवा झाला. स्वतःची फटफटी असलेला, वरच्या धरणाच्या कचेरीतून खोपोलीच्या वीजघरात रोज कागद आणि सुटे भाग पोचवणारा. नोकरी बारमाही, परीक्षा एकच. सोमवारी सकाळी खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत घाट न थांबता चढायचा. वर चिंतामणराव नावाचे इंजिनिअर घड्याळ घेऊन उभे राहणार.

कोंडाजीला ही नोकरी मनापासून हवी होती. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या मोटारींखाली उताणं पडून गेलं. आता स्वतःच्या गाडीवर ताठ बसून, दिवसाउजेडी, सरळ रस्त्यानं जावं आणि चार लोकांनी बघावं, एवढीच त्याची हौस. ती त्यानं बायकोलासुद्धा इतक्या वर्षांत सांगितली नव्हती. दत्तोबाला तेवढी सांगितली.

"तूबी ये की परीक्षेला," तो दत्तोबाला म्हणाला होता.

"मला न्हाई ती साहेबाची चाकरी जमायची. तूच जा," दत्तोबा म्हणाला.

रविवारी कोंडाजीला रेल्वेनं मळवलीला घरी जायचं होतं. साहेबापुढं उभं राहायचं तर अंगात कोट हवा, आणि एका पारशी बंगलेवाल्यानं दिलेला कोट त्याची बायको नंदाबाई गुंड्या लावायला घेऊन बसली होती. धड कार्बोरेटर त्या वेळी दत्तोबाच्या फटफटीला होता.

"बदलून जातो," कोंडाजी म्हणाला.

"आरं, गाडीची येळ झाली तुज्या. जा तू. म्या बसवून ठिवतो. उद्याचा दिस तुजाच हाय."

"तू असशील ना सकाळी?"

"मला वडगावला कोर्टात तारीख हाय."

सोमवारी उजाडताना कोंडाजी शेडमध्ये आला. कोटाच्या बाह्या दुमडल्या, खाली वाकला, झाकणावरची खाच बघितली, बोटानं चाचपली. खाच होती. त्यानं किक मारली. इंजिन लागलं तसा त्याचा जीव भांड्यात पडला, आणि उतारावर पेट्रोलची चावी बंद करून तो घाट घरंगळत उतरला, खोपोलीला पोचला.

तिथं दत्तोबा उभा. केस चापून बसवलेले, फटफटी पुसून लख्ख.

"तू हितं? आन् तुजी तारीख?"

"पुढं गेली. म्हटलं, एकटाच दिसलास तर साहेब म्हनायचे, उमेदवारच न्हाईत. तुला सोबत."

आता कोणाच्याही मनात पाल चुकचुकली असती. कोंडाजीला मात्र बरं वाटलं. वर दत्तोबाची कीव आली. फुटक्या डबीवर हा कुठवर चढणार? त्यानं जोडीदाराला बाजूला घेऊन समजावलं, "शिंगरोबाच्या देवळाशी थांब, डबी रिकामी कर, मंग जा. मान गेला तरी चालंल, गाडी जाळू नगंस." दत्तोबा हँडल पुसत राहिला. त्यानं वर बघितलं नाही.

कंपनीच्या कारकुनानं आधी दत्तोबाला सोडलं. कोंडाजी कान देऊन ऐकत होता. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. आवाज कुठं तुटेना. आज बरी धावली, असं तो कारकुनाला कौतुकानं म्हणाला सुद्धा.

मग त्याची पाळी आली. चौथ्या वळणापर्यंत फटफटी सुरेख चढली. तिथं खोकली. मग काळा धूर, मग नुसती धाप. शिंगरोबाच्या अलीकडे ती बंद पडली आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल टपटप रस्त्यावर गळायला लागलं. कोंडाजीनं स्टँड लावला, झाकण फिरवून काढलं, डबी उचलली. ती जड होती. कानाशी हलवली तर आत पेट्रोल खळखळलं. उलटी केली तर बुडावर कथलाचे दोन डाग. दुसरा वाकडा.

तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला. भांडं धड होतं, झाकण धड होतं, खाचही जागेवर होती. आतली डबी तेवढी बदललेली. विसरभोळेपणा म्हणावा, तर असं हातून चुकून होत नाही. दोन्ही झाकणं काढायची, डबी बाहेर घ्यायची, दुसरी घालायची, काटा बसवायचा, झाकणं आवळायची, हात पुसायचे. प्रत्येक पायरीला थांबता आलं असतं. दत्तोबानं हे शांतपणे, बसून केलं होतं. आणि खाचेचं झाकण मुद्दाम इकडे ठेवलं, कारण कोंडाजी काय बघेल आणि काय बघणार नाही हे जगात त्याच्या एकट्यालाच ठाऊक होतं. नोकरीचं कोंडाजीला त्या घटकेला काही वाटलं नाही. मघाशी आपण याला जपून चढ म्हणून सांगत होतो, त्याची मात्र इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं.

उरलेला घाट त्यानं फटफटी ढकलत काढला. खंडाळ्याला पोचला तेव्हा कोट घामानं अंगाला चिकटला होता. दत्तोबा बशीतून चहा पीत होता. चिंतामणरावांनी त्याचं नाव वहीत केव्हाच लिहिलं होतं. पण ते भले गृहस्थ होते, आणि दत्तोबा रजेवर असेल तेव्हाचा बदली माणूस म्हणून त्यांना आणखी एक नाव हवं होतं.

"तुम्ही दोघं एकाच शेडमधले ना?" त्यांनी दत्तोबाला विचारलं. "कसा आहे हा माणूस?"

दत्तोबानं बशी खाली ठेवली. "मानूस सोन्यासारखा हाय, साहेब. पन गाडी उघडून बगत न्हाई. तशीच आनतो."

कोंडाजीच्या मुठीत डबी होती. मूठ उघडायचीच, असं ठरवून तो चढ चढून आला होता. ती उघडायला गेला आणि त्याला दिसलं की दाखवायला त्याच्यापाशी काहीच नाही. झाकणावरची खाच त्याच्या हातची. डबीवरचे डाग त्याच्या हातचे. फटफटी त्याची. दत्तोबाचं बोट कुठंच उमटलेलं नव्हतं. साहेब विचारणार, फुटकी डबी तुम्हीच डागलेली, मग ती घालून घाटात आलात कसे?

"काय हो केदारी?" चिंतामणराव म्हणाले. "निघण्यापूर्वी उघडून बघितला नव्हता का कार्बोरेटर?"

कोंडाजीनं दत्तोबाकडे बघितलं. या वेळी दत्तोबानंही त्याच्याकडे बघितलं, आणि त्याच्या नजरेत भीती नव्हती. कोंडाजी काय उत्तर देणार हेही त्याला ठाऊक होतं.

"न्हाई साहेब," कोंडाजी म्हणाला. "बगायचं राहिलं."

चिंतामणरावांनी मान हलवली, पेन्सिल जिभेला लावली आणि कोंडाजीच्या नावापुढं ते तसंच लिहून घेतलं.