वनिताचा आकडा

वनिता गेल्याचं तिच्या भावानं, राहुलनं फोनवर सांगितलं. "ताई सकाळी गेली. तिच्या डायरीत तुमचा नंबर होता, म्हणून लावला." तेव्हा मी विद्यार्थ्यांना खडकाची पूड आम्लात कशी विरघळवायची ते दाखवत होतो. फोन खिशात टाकला आणि तास पूर्ण केला. महिना उलटून गेला तरी तो पूर्ण केलेला तासच जास्त टोचतो.

ती कारध्याची, मी नदीच्या अलीकडचा, भंडाऱ्याचा. भूशास्त्र एकत्र शिकलो आणि पीएच.डी.साठी एकाच संस्थेत, एकाच सरांकडे लागलो. जिल्ह्यातल्या टेकड्यांचे खडक तिनं स्वतः हातोड्यानं फोडले आणि पोत्यात भरून एस.टी.नं आणले. खडकातल्या रुबिडियमचं कोट्यवधी वर्षांत फार सावकाश स्ट्रॉन्शियम होत जातं. म्हणून स्ट्रॉन्शियमच्या दोन समस्थानिकांचं गुणोत्तर मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रावर मोजलं की तो खडक कशातून घडला याचा माग लागतो. सगळा खेळ दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या-पाचव्या आकड्याचा. तिचं गुणोत्तर सरांनी पूर्वी छापलेल्या गुणोत्तरापेक्षा बरंच जास्त आलं. म्हणजे खडक सर म्हणत होते त्याहून कितीतरी जुन्या खडकातून घडलेला होता, आणि सरांचं नाव त्याच जुन्या आकड्यावर उभं होतं. तिनं पुन्हा मोजलं, पुन्हा तेच आलं.

बैठकीत सर हसून म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नाही, वनिता. प्रश्न हातांचा आहे. काही हात कितीही धुतले तरी..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. टेबलाभोवतीचे दोघं-तिघं हसले. तिचं आडनाव सगळ्यांना ठाऊक होतं. मग सर माझ्याकडे वळले. "त्या आठवड्यात यंत्रावर तू होतास ना? हिचा ब्लँक कसा होता?" ब्लँक म्हणजे खडक न घालता केलेली तीच सगळी प्रक्रिया, बाहेरची घाण शिरली असेल तर ती त्यात हमखास दिसते. वनिताचा ब्लँक आम्हा सगळ्यांपेक्षा स्वच्छ होता. त्याचा कागद माझ्याच ड्रॉवरमध्ये होता. माझा प्रबंध सरांच्या सहीसाठी थांबला होता. मी म्हणालो, "नक्की आठवत नाही, सर."

तिनं फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर तिला यंत्र मिळालं नाही. वर्षभर वाट पाहून ती परतली आणि भंडाऱ्यात एका ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवू लागली. मला पदवी मिळाली, नोकरीही त्याच संस्थेत लागली. काही वर्षांनी परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं त्याच टेकड्यांचा खडक मोजला आणि वनिताचाच आकडा निघाला, चौथ्या दशांशापर्यंत. सरांनी लगेच तो आकडा मान्य करून नवा शोधनिबंध लिहिला. त्यात दुसरं नाव माझं होतं. तिचं कुठंच नव्हतं.

तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं, तेव्हा कुठं मी कारध्याला गेलो. खाटेवर बसून ती पेपर तपासत होती.

"काहून आला?" तिनं विचारलं.

मी ब्लँकचं सांगितलं. ती तपासतच राहिली.

"मले माहीत होतं. तुह्या ड्रॉवरमंदी तो कागद मी बैठकीच्या आधीच पाह्यला होता."

"मग बोलली काहून नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट पाहून राहिली होती."

मी म्हणालो, सगळं लिहितो, माझ्या नावानिशी छापतो. तिनं पेनाचं टोपण लावलं.

"आता नको. मी गेल्यावर लिही. तुले सोपं जाईल."

ती म्हणाली तसंच झालं. हे लिहिणं सोपं गेलं.

परवा तिच्या घरी गेलो होतो. राहुलनं खोली रिकामी केली होती. तिच्या खडकांचं विचारलं तर म्हणाला, "ते न्हाणीच्या ओट्याखाली भरावाले गेले." एकच उरला होता, खिडकी उघडी राहावी म्हणून फटीत अडकवलेला, करडा-गुलाबी, त्यावर तिच्या बारीक अक्षरात नमुन्याचा क्रमांक. तिची आई चहा घेऊन आली, तेव्हा मी विचारलं, "हा मी नेऊ का, मावशी?"

"राहू द्या, बाबू," ती म्हणाली. "तो काढला का खिडकी लागते. तुमच्याकडं गोट्याइची काय कमी हाय?" आणि कप ठेवून तिनं तो बोटानं जरासा आत सरकवला.