शुक्रवारी न घेतलेलं नाव

किल्ल्याजवळच्या जुन्या मशिदीची देखभाल करणारे चाचा मिंबरच्या, म्हणजे प्रवचनाच्या उंच ओट्याच्या, दगडी पायऱ्या फडक्यानं पुसत होते. "शुक्रवारच्या नमाजाच्या खुतब्यात, म्हणजे प्रवचनात, दिल्लीच्या बादशहाचं नाव घ्यायचा रिवाज होता," ते म्हणाले. "मग इथल्या सुभेदारानं सांगितलं, आता घ्यायचं नाही. खुतबा वाचणाऱ्या खतीबानं याच पायरीवर उभं राहून ते गाळलं."

मी त्या खतीबाचाच विचार करत राहिलो. दिल्लीची फौज आली असती तर पहिली मान त्याची गेली असती. पण फौज पाठवायला दिल्लीत उरलं होतं काय? वसूल, न्याय, पहारा, सगळं सुभेदारच बघत होता. बादशाही फक्त त्या नावापुरती होती. एकही तोफ न उडता, एका श्वासाएवढ्या शांततेत इथलं राज्य इथल्या माणसाचं झालं.

आमच्या दुकानाच्या पाटीवर थोरल्या भावाचं नाव वर होतं, माझं खाली. बारा वर्षांत तो दुकानाची पायरी चढलेला नाही.

सोमवारी पाटी रंगवायला पेंटर आला. मी त्याला माझं नाव सांगितलं. तो ब्रश उचलून दुसऱ्या नावाची वाट बघत राहिला. मी चहा मागवला.